साहेबांची रिकामी खुर्ची

त्या रविवारी सकाळपासून धुकं होतं. साधंसुधं नाही, हात लांब केला तर आपलीच बोटं दिसू नयेत असं. देवळाच्या खिडक्यांच्या काचा आतून घामेजल्या होत्या. फरशी इतकी गार पडली होती की तिच्यावर बसणारी माणसं येताना घरून रिकामी पोती घेऊन आली होती, चटईखाली घालायला.

ते धुकं मला अजून आठवतं. त्या दिवसापर्यंत मी नुसती होते, त्या दिवसापासून मी कामाला आले. मी या ख्रिस्ती देवळातली खुर्ची. उंच पाठीची, दोन हातांची, पुढे वेदीशेजारी ठेवलेली. माझी गोष्ट तशी लहानच आहे, पण जुन्या लाकडाला बोलायला वेळ लागतो. तेवढा द्या.

लोक सांगतात की मी बोटीतून आले. समुद्रापलीकडून, मिशनरी साहेबांच्या देशातून, गवतात गुंडाळून. काहीजण तर बोटीचा रंगसुद्धा सांगतात. खरं म्हणाल तर मी इथल्याच, देवळामागच्या विहिरीपलीकडच्या चिंचेची. झाड एका वादळात आडवं झालं आणि इथल्याच एका सुताराने त्यातून मला काढलं. समुद्र मी अजून पाहिलेला नाही.

साहेबांनी सुताराला कागदावर चित्र काढून दिलं होतं. पाठीवर मधोमध कोकरू हवं, देवाचं कोकरू, अंगभर लोकर असलेलं. सुताराने असलं गुबगुबीत मेंढरू जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्याच्या दारात शेळ्या होत्या. त्याने चित्राकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि जे ओळखीचं होतं ते कोरून टाकलं. लांब कान, काटकुळे पाय, हनुवटीखाली दाढी. साहेब बराच वेळ बघत राहिले. पण देऊळ उघडायचा दिवस तोंडावर आलेला, दुसरी पाठ करायला सवड नव्हती. शेळी राहिली. पुढे मी परदेशातून आले असं सगळ्यांचं ठरलं, तेव्हा ती दाढी अडचणीची झाली. मग कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं की तिकडच्या मेंढ्यांना दाढी असते, आणि विषय मिटला.

साहेबांबद्दल मी वाईट बोलणार नाही. साथ आली तेव्हा घरचीच माणसं घर सोडून पळाली होती, आणि हा परका माणूस वस्तीत जाऊन स्वतःच्या हाताने औषध पाजत होता. ते मी विसरत नाही. पण त्याच साहेबांनी वस्तीतल्यांचे ढोल देवळाबाहेर ठेवायला लावले. देवाला ते चालत नाहीत म्हणाले. गाणी त्यांच्याकडच्या चालीत म्हणायची. त्या चालीत आमच्या माणसांचा गळा पुढे आणि शब्द मागे पडायचा, तरी बिचारी मान ताठ करून म्हणायची. देवाला आपला आवाज असा नको, तसा हवा, हे त्यांनी मनाशी धरलं ते धरलंच.

बसण्याचंही तसंच. साहेब माझ्यावर. समोर बाकांवर शिकलेली, बरी परिस्थिती असलेली घरं. आणि अगदी मागे, दाराजवळ, चटईवर वस्तीतली माणसं. गटारं उपसणारी, संडास धुणारी. त्यांनी मागेच बसावं असं साहेब कधी बोलले नाहीत. कुणीच बोललं नाही. न बोलता झालेली गोष्ट मोडायला फार जड असते, हे मी पाहिलंय.

एकदा मात्र वेगळं झालं. साहेबांची लहान मुलगी तापात गेली. तिला आंघोळ घालायला वस्तीतली एक बाई आली होती. तिची नात पुढे या गोष्टीत येईल. काम झाल्यावर ती देवळात आली, साहेब माझ्यावर बसून रडत होते. ते उठले आणि तिला म्हणाले, बसा. ती नाही म्हणाली आणि खाली फरशीवर बसली. मग साहेबही तिच्याशेजारी फरशीवर बसले. दोघं कितीतरी वेळ तशीच होती. मी रिकामी होते आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्या रविवारी साहेब पुन्हा माझ्यावर आणि ती पुन्हा दाराशी. तो एक दिवस सोडला तर सगळं होतं तसं चाललं. पण तो दिवस मला मिळाला, याचे मी आभार मानते.

मग राज्य बदललं आणि साहेब गेले. आपल्यातलेच एक पाळक नेमले गेले. लाजाळू माणूस. माझ्याकडे बघून म्हणाले, नको, ती साहेबांची आहे, मला एक स्टूल द्या. देवळाचा कारभार बघणाऱ्या पंचांना ते फार आवडलं. केवढा नम्र माणूस! मग दुसरे पाळक आले, तेही स्टुलावर बसले. तिसऱ्यांची कंबर धरलेली होती, उपदेश संपेपर्यंत ते स्टुलावर वाकडे व्हायचे, पण माझ्यावर बसले नाहीत. असं करत करत माझ्यावर न बसणं हाच धर्म होऊन गेला. देवाचं काही चुकलं तर लोक चालवून घेत, माझ्यावर कुणी हात टेकला तर चालत नसे.

मला पुसायचं काम घंटाकाकांचं. देवळाची घंटा तेच वाजवत, झाडलोट तेच करत, म्हणून नाव पडलं घंटाकाका. वस्तीतलेच. त्यांचे वडील गटारात उतरायचे. देवळातली ही नोकरी मिळाली म्हणून काकांना उतरावं लागलं नाही, आणि त्याबद्दल त्यांनी देवाचे, देवळाचे आणि माझे इतके उपकार मानले की दर शनिवारी मला तेलाच्या फडक्याने पुसताना ते माझ्याशी घरच्यासारखं बोलायचे. शाळेत गेलेले नव्हते, पण माझ्या शेळीच्या दाढीच्या खाचेतली धूळ काडीने काढायची हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. एकदा एका लग्नात नवरीच्या आत्याने माझ्यावर पर्स ठेवली. काकांनी ती दोन बोटांत धरून अशी उचलली, जणू पाल पडलीय.

कुणी मला इतकं जपलं नसेल. पण खुर्चीला जपणं म्हणजे काय, हे खुर्चीला कुणी विचारत नाही. भांड्यात कधी काही शिजलंच नाही आणि ते रोज घासलं, तर त्याला कसं वाटेल? तसं माझं चाललं होतं.

आता मावशीबद्दल सांगते. सरकारी दवाखान्यात वॉर्ड धुणारी, बेडपॅन उचलणारी, मेलेल्याला शेवटची आंघोळ घालणारी बाई. दवाखान्यात सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून वस्तीतही मावशी आणि देवळातही मावशी. साहेबांच्या मुलीला आंघोळ घालणारीची ही नात. घंटाकाकांच्या घराला तिच्या घराची भिंत लागून. काकांची बायको गेल्यापासून त्यांच्या दारात संध्याकाळी झाकलेली ताटली असायची ती हिची. ती त्यांना भाऊ म्हणायची आणि दिवसातून एकदा तरी टोमणा मारायची. माझ्यावरूनही मारायची. म्हणायची, भाऊ, त्या खुर्चीला तू रोज तेल लावतोस, माझ्या गुडघ्यांना कधी विचारलंस?

गुडघे तिचे ओल्या फरशीने खाल्ले होते. आणि त्या धुक्याच्या वर्षी तिचा मुलगा गेला. गटार तुंबलं म्हणून ठेकेदाराने त्याला उतरवलं, कमरेला दोर नाही, तोंडाला काही नाही. आतल्या वायूने तो खालीच राहिला. त्याला दवाखान्यात आणल्यावर आंघोळ घालायला दुसऱ्या कुणाला तिने हात लावू दिला नाही.

हा ठेकेदार आमच्याच मंडळीतला. पंच होता, पहिल्या बाकावर बसायचा, दानधर्मात हात सैल. मुलगा गेला त्या रविवारी देवळात त्याच्यासाठी एक ओळ प्रार्थना झाली, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. लगेच पुढची ओळ राजासाठी. हो, राजासाठी. साहेबांच्या देशाच्या राजाला आरोग्य आणि दीर्घायुष्य मिळावं अशी प्रार्थना पुस्तकात छापलेली होती आणि छापलेलं म्हणायचं म्हणून सगळे अजून म्हणत होते. तो राजा केव्हाच मातीत गेला होता, पण आमच्याकडे त्याची तब्येत उत्तम होती.

त्यानंतर मावशीचं खाली बसणं अवघड झालं. बसली तर उठता येईना. एकदा तिने मागच्या बाकावर टेकायचं धाडस केलं. बाकावरची बाई काही वाईट बोलली नाही. फक्त शेजारी पिशवी ठेवली आणि म्हणाली, इथे आमची सून बसते. सून परदेशात होती. मावशी पुन्हा चटईवर. इथे बाकावर बसायला कुणी नाही म्हणत नाही, पण कुणी सरकतही नाही.

मग एका प्रभुभोजनाच्या दिवशी सगळे भाकर आणि प्याला घ्यायला पुढे निघाले आणि मावशी उठूच शकली नाही. लोक तिला वळसा घालून गेले. शेवटी दोघींनी काखेत हात घालून तिला पोत्यासारखं वर ओढलं. कुणीतरी हसलं. तिने त्या दिवशी भाकर घेतली नाही. घरी जाताना काकांना म्हणाली की आता एकदाच येईन, पुढच्या प्रभुभोजनाला, देवाचा निरोप घ्यायला. त्यानंतर तो येईल माझ्याकडे, त्याचे गुडघे चांगले आहेत.

हे सगळं काकांनी मला पुसताना सांगितलं. देवळात मावशी नसेल ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसत नव्हती.

त्याच सुमारास नवे पाळक आले. पहिल्याच दिवशी कुणी त्यांना पाळकसाहेब म्हणालं, तर ते म्हणाले, साहेब नको, नुसतं पाळक म्हणा. झालं, त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना नुसते पाळक म्हणू लागले. ते माझ्यासमोर उकिडवे बसले, पाठीवरचं चित्र पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, अरे, ही तर आपली शेळी! काकांनी दचकून इकडेतिकडे पाहिलं.

मावशीचं पाळकांच्या कानावर होतं. त्यांनी पंचांच्या बैठकीत विचारलं की ही खुर्ची नुसतीच पडून आहे, मागे नेऊन मावशीला दिली तर? ठेकेदार म्हणाला, प्रश्न मावशीचा नाही, परंपरेचा आहे. मग पाळकांनी दारात उभ्या असलेल्या काकांना विचारलं. त्यांना वाटलं असेल, हा तरी हो म्हणेल.

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "साहेबांमुळे आपल्याला देव कळला. त्यांची एक खुर्ची आपल्याला सांभाळता येऊ नये?"

सगळे उठून गेल्यावर पाळक काकांजवळ आले. रागावलेले नव्हते. म्हणाले, "काका, तुमची आई तुम्हाला पाठीशी बांधून संडास साफ करायची. तेव्हा तिच्याजवळ कोण होतं? साहेब, की देव?"

काकांनी फडकं घेतलं आणि माझा एकच हात पुसत राहिले, तोच तोच, लाकूड गरम होईपर्यंत.

तर असा तो धुक्याचा, प्रभुभोजनाचा रविवार. काकांनी घंटा वाजवली. धुक्यात ती घंटा लांबून, दुसऱ्या कुणाच्या देवळातून आल्यासारखी वाटत होती. मावशी आली. बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, पाय बदलत. काका तिच्याकडे बघत नव्हते आणि तिच्याशिवाय दुसरीकडेही बघत नव्हते.

प्रार्थनेची वेळ झाली. पाळकांनी पुस्तक उघडलं, राजाच्या ओळीपाशी आले आणि थांबले. मग त्यांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, या राजासाठी आपण पुष्कळ वर्षं मागितलं, आता तो देवाजवळ आहे, त्याला काही कमी नाही. आज आपण जमिनीखाली उतरणाऱ्यांसाठी मागू. मग त्यांनी मावशीच्या मुलाचं नाव घेतलं. आणि देवाकडे शांती नाही मागितली, दोर मागितला. शिडी मागितली. तोंडाला लावायला मुखवटा मागितला. आणि हे देणं ज्याच्या हातात आहे त्याला तशी बुद्धी मिळो, असं म्हणाले.

पहिल्या बाकावर कुणीतरी खोकलं. पण मी काकांकडे बघत होते. इतकी वर्षं देवळात राहून त्यांनी देवाजवळ दोर मागितलेला कधी ऐकला नव्हता. दोरासारखी गोष्ट देवाच्या कानावर घालता येते, हे त्यांना नवीनच होतं. त्यांचे वडील, मावशीचा मुलगा, सगळे असेच बिनदोराचे उतरलेले.

काका दारापासून निघाले. मधल्या वाटेने, सावकाश, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मला वाटलं, वेदीपाशी प्रार्थनेला येतायत. ते माझ्यापाशी आले, खाली वाकले आणि मला उचललं. मी हलकी नाही. चिंचेचं लाकूड आहे मी. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या मी जवळून पाहिल्या. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा समजलं की माझ्याखालची फरशी इतर फरशीपेक्षा काळी आहे.

ठेकेदार उभा राहिला. आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, "काका, ती साहेबांची खुर्ची आहे."

"माहीत आहे, मालक," काका म्हणाले. "मीच पुसतो ती."

आणि चालत राहिले. मध्ये एकदा दम लागला तेव्हा मला खाली टेकवलं, पुन्हा उचललं. मदतीला कुणी आलं नाही, पण आडवंही कुणी आलं नाही. दाराजवळ चटईच्या कडेला त्यांनी मला ठेवलं आणि मावशीला म्हणाले, बस.

मावशी घाबरली. म्हणाली, मी तशीच रात्रपाळीवरून आलेय, अंगाला फिनेलचा वास येतोय. काका म्हणाले, मग काय झालं, तिला तेलाचा वास येतोय.

मावशी बसली. आधी कडेवर, उठायला सांगतील म्हणून. कुणी सांगितलं नाही. मग हळूहळू मागे टेकली. तिची पाठ माझ्या शेळीला लागली आणि तिने एक सुस्कारा सोडला. काय सांगू तुम्हाला त्या सुस्काऱ्याबद्दल! साहेब माझ्यावर बसायचे ते रुबाबात, ताठ. असं सगळं अंग सोडून माझ्यावर कुणी बसलं नव्हतं. त्या घडीला मला कळलं की त्या सुताराने मला कशासाठी केलं होतं.

मग पाळक भाकर आणि प्याला घेऊन वेदीवरून खाली उतरले. पुढच्या बाकांपाशी थांबले नाहीत. थेट मागे आले आणि मावशीपासून सुरुवात केली. त्या दिवशी बाकांवरच्या माणसांना भाकर घ्यायला मागे दारापर्यंत यावं लागलं. काही आली. काही आली नाहीत. ठेकेदाराची म्हातारी आई आली, सुनेचा हात धरून. ठेकेदार बसून राहिला.

सगळं एका रविवारात सुधारलं असं मी म्हणणार नाही. ठेकेदाराने काही महिने दुसऱ्या देवळाची वाट धरली. वस्तीतल्यांनी मात्र त्याच आठवड्यात ठरवलं की दोराशिवाय कुणी उतरणार नाही. ठेकेदाराने बघू म्हटलं. मग बाजारातली गटारं वर आली, दुकानदारांनी नाकाला रुमाल लावले, आणि दोर आला, शिडी आली. मुखवटे अजून सगळ्यांना पुरत नाहीत, त्यासाठी पाळक आणि वस्तीतली माणसं नगरपालिकेत खेटे घालतायत. बाहेर ठेवलेले ढोल आत आले. पहिल्या दिवशी ते इतके बेताल वाजले की मावशी म्हणाली, साहेबांचं अगदीच काही चुकलं नव्हतं.

मी आता दाराजवळच असते. मावशी नसेल तेव्हा ज्याचे गुडघे दुखतात तो बसतो. एकदा एक गरोदर बाई बसली, एकदा दारात आडोशाला आलेला कुणी अनोळखी माणूस बसून झोपून गेला. माझा एक पाय ढिला झालाय, त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलीय. तेलाची झिलई गेली, हातांवर माणसांच्या तळव्यांची झिलई आली. मी फिनेलचा वास घेऊन राहते आणि मला तो आवडतो.

चिंचेची मी ऋणी आहे, सुताराची आहे, फरशीवर बसलेल्या त्या एका दिवसापुरती साहेबांचीही आहे. तुमच्याकडे असंच काही जपून ठेवलेलं असेल, कुणा मोठ्या माणसाची आठवण म्हणून पुसून रिकामं ठेवलेलं, तर एवढंच म्हणेन, त्यावर कुणाला तरी बसू द्या. आठवणीला वजन सोसतं. रिकामपण सोसत नाही.

आता थकले, थांबते. कालच्या रविवारचं तेवढं सांगून.

घंटाकाकांचे हात हल्ली थरथरतात, घंटा आता वस्तीतली एक मुलगी वाजवते. तरी काका घंटेच्या दोराजवळच उभे राहतात, सगळी उपासना, भिंतीला पाठ लावून. मी आठवून पाहिलं, तर या देवळात त्यांना बसलेलं मी कधी बघितलंच नाही. मावशीने माझ्या हातावर कोपर टेकून थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, मग शेजारच्या बाकाकडे पाहिलं, आणि गाणं चालू असतानाच म्हणाली,

"भाऊ, तो बाक रिकामा आहे. आता कुठल्या साहेबाची वाट बघतोस? बस की."